देवरुखच्या दोन बहिणी आणि घरातला पैसा

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक संयोजकांनी पत्रिकेवर 'करिअर आणि कुटुंब : स्त्रीची तारेवरची कसरत' असं छापलं आहे. छापण्याआधी त्यांनी आम्हाला फोन केला होता आणि आम्ही घाईत 'हो, चालेल' म्हणालो. नंतर विचार करता ते चालेना. शीर्षकाशी आमचं भांडण काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

तारेवरची कसरत म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर डोंबाऱ्याचा खेळ येतो. शिमग्याच्या सुमारास गावात यायचे. दोन बाजूंना बांबू, मध्ये दोरी आणि दोरीवर हातात काठी घेतलेली आठ-दहा वर्षांची पोर. आपण सगळे तिच्याकडे बघायचो. पडते का, तोल जातो का! खाली ढोल वाजवणारा वेगळा, थाळी फिरवून पैसे गोळा करणारा वेगळा. दोरी किती उंच बांधायची हे पोरीने ठरवलेलं नसायचं आणि थाळीत किती जमले हेही तिला कोणी सांगत नसे. 'समतोल', 'कसरत' हे शब्द आपण स्त्रियांच्या बाबतीत इतक्या कौतुकाने वापरतो, की नजर पोरीच्या पायांवर खिळते आणि थाळीकडे जातच नाही. आज आपल्याला थाळीकडे बघायचं आहे.

त्यासाठी दोन पुस्तकं घेतली आहेत. दोन्ही आपल्या जिल्ह्यातल्या, देवरुखच्या जोशांच्या घरातल्या सख्ख्या बहिणींची. थोरली गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. त्यांचं 'माझे पुराण' १९४४ साली आलं. धाकटी पार्वतीबाई आठवले. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ सालची. दोघींच्या मध्ये अण्णा उभे आहेत, महर्षी धोंडो केशव कर्वे, आपल्या मुरूडचे. एकीचे पती, दुसरीचे मेहुणे. त्यांचं 'आत्मवृत्त' १९१५ सालचं. एकाच घराची, एकाच संस्थेची ही तीन आत्मकथनं झाली.

आधी नावं बघा. पुरुषाने लिहिलं ते 'आत्मवृत्त'. शुद्ध संस्कृत, तटस्थ, दप्तरात शोभेल असं. बहिणींनी लिहिलं ते 'पुराण' आणि 'कहाणी'. पुराण म्हणजे आपल्या बोलीत कोणी थांबवल्याशिवाय न थांबणारं बोलणं. 'पुरे कर तुझं पुराण' असं आपण ज्या स्वरात म्हणतो, तो स्वर आनंदीबाईंनी स्वतःच आधी लावून टाकला आहे. आणि कहाणी म्हणजे श्रावणात पाटावर बसून हातात तांदूळ घेऊन ऐकायची ती. दोघींनी बायकांचेच दोन कथनप्रकार निवडले. हे नम्रतेपोटी झालं असेल, सवयीने झालं असेल. पण परिणाम असा झाला, की मराठी समीक्षेने या पुस्तकांना 'कर्वे-चरित्राची पूरक साधनं' म्हणून बाजूच्या कपाटात ठेवलं. स्त्री-आत्मचरित्रांच्या अभ्यासकांनी अलीकडे ती बाहेर काढली. मीरा कोसंबींचं नाव त्यात आदराने घ्यायला हवं. तरीसुद्धा सामान्य वाचक आजही 'माझे पुराण' उघडतो तो अण्णा घरात कसे होते हे बघायला.

आमचं म्हणणं असं, की संसाराच्या अर्थकारणाबद्दल त्या काळात 'माझे पुराण'इतकं उघड बोलणारं पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गोदूबाईंचं लग्न आठव्या वर्षी नातूंच्या घरात झालं आणि तीन महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढची बरीच वर्षं सासरी राबण्यात गेली. भाऊ नरहरपंत शिकायला मुंबईत होता, कर्व्यांच्या बिऱ्हाडी. त्याने बहिणीला तिकडे नेलं. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी गिरगावात शारदा सदन काढलं, आणि त्या सदनात दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे आपली ही देवरुखची गोदूबाई. वय विशीच्या पुढे सरकलेलं आणि मुळाक्षरांपासून सुरुवात. चार वर्षांनी, पुन्हा ११ मार्चलाच, १८९३ साली, त्यांचा अण्णांशी पुनर्विवाह झाला. अण्णांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली होती, मुलगा रघुनाथ होता. मुरूडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. ते सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे.

शाळेत वाचलेलं नाही ते असं. १८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या या आश्रमात अण्णांच्या स्वतःच्या पत्नीला मोकळेपणाने वावरता येत नव्हतं. कारण ती पुनर्विवाहित! आश्रमात फक्त शिक्षण आहे, पुनर्विवाहाची भानगड नाही, अशी खात्री मुलींच्या पालकांना आणि वर्गणीदारांना द्यायची होती. अण्णांच्या बाजूने बघितलं तर व्यवहार म्हणून हे बरोबरच होतं. नाहीतर एक मुलगी आली नसती. पण ज्या बाईच्या आयुष्यातून हे काम निघालं, तिलाच त्या कामाच्या दारात थांबावं लागलं. हा निर्णय घेताना तिचं मत धरलं गेलं होतं का? 'माझे पुराण' वाचून तसं वाटत नाही.

मग पैशाचा प्रसंग येतो. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पगार बेताचा, त्यातला शक्य तेवढा भाग आश्रमाला. घरात मुलं वाढत होती. एके दिवशी अण्णांनी स्वतःच्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. आनंदीबाई संतापल्या, हवालदिल झाल्या. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर या मुलांना घेऊन मी कोणाच्या दारात जाऊ, हा त्यांचा सवाल होता. एकदा विधवा झालेली बाई हा सवाल विचारत होती, हे लक्षात घ्या. तिच्यासाठी ही कल्पनेतली भीती नव्हती. दारात उभं राहणं म्हणजे काय ते तिने वर्षानुवर्षं भोगलं होतं.

आणि ही बाई हात बांधून बसणारीही नव्हती. नागपूरला जाऊन तिने सुईणीचं शिक्षण घेतलं होतं, पोटापुरतं स्वतः कमावता यावं म्हणून. आज आपण ज्याला स्किल, करिअर म्हणतो ते सगळं तिच्याकडे होतं. शिक्षण होतं, धंद्याचं कौशल्य होतं, नवरा सुधारकांचा मुकुटमणी होता. तरीही पॉलिसी गेली.

हा प्रसंग आम्ही अनेक वक्त्यांकडून ऐकला आहे. बहुतेक जण तो हसत सांगतात. सभेतही हशा येतो. 'महापुरुषाची बायको होणं सोपं नाही हो' असं म्हणून पुढे जातात. म्हणजे त्यागी पुरुष आणि कुरकुरणारी बायको, तुकोबांच्या आवलीपासून चालत आलेला साचा. आम्हीही वर्गात तो असाच सांगितला आहे. पंचवीस-तीस वर्षं.

आता आमच्या शास्त्रातलं थोडं बोलू द्या. कंटाळा येईल इतकं लांबवणार नाही.

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात जैमिनी 'अधिकार' या विषयाची चर्चा करतात. यज्ञ करायचा अधिकार कोणाला? ऐतिशायन नावाचे एक आचार्य म्हणतात, फक्त पुरुषाला. पुढे पूर्वपक्षाचा युक्तिवाद असा, की यज्ञाला द्रव्य लागतं आणि स्त्रीकडे द्रव्य नसतं. ती स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता आहे. मग कोणीतरी मध्येच शंका काढतं, की ती सूत कातून, अन्न शिजवून काही मिळवत असेल, त्यातून करील की! शबरस्वामींच्या भाष्यात ही शंका आहे. म्हणजे कमावणारी बाई त्यांच्याही डोळ्यांसमोर होती. त्यावर पूर्वपक्ष म्हणतो, तेही तिचं नाही. जिची ती, त्याचं तिचं सगळं.

जैमिनी हे खोडून काढतात. बादरायणांचा आधार घेऊन ते म्हणतात, की अधिकार माणसाला मिळतो तो फळाच्या इच्छेमुळे. शब्द सुंदर आहे : फलोत्साह. आणि फलोत्साहात स्त्री-पुरुष असा भेद नाही. तिलाही हवं असतं, म्हणून तिलाही अधिकार. द्रव्याचं म्हणाल, तर विवाहातच धर्म, अर्थ आणि काम यांत तिला डावलायचं नाही असं बंधन आहे. तेव्हा घरातलं द्रव्य दोघांचं मिळून आहे.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपण गीतेवर वाढलेले लोक. फळाची इच्छा म्हणजे काहीतरी हलकं, असं आपल्या मनात बसलेलं. एखादी मुलगी 'मला मोठं व्हायचंय, मला पैसे मिळवायचेत' म्हणाली की आपण 'महत्त्वाकांक्षी आहे हं' असं म्हणतो, आणि त्यातला 'हं' काय सांगतो ते सगळ्यांना कळतं. मीमांसक मात्र म्हणतात, तिला हवंसं वाटतं हाच तिच्या अधिकाराचा पाया. ज्याला काही नकोच आहे त्याला अधिकार तरी कशाला?

जैमिनींना आम्ही स्त्रीवादी ठरवत नाही. तसलं ओढूनताणून करणं आम्हाला आवडत नाही. त्याच प्रकरणात ते पुढे म्हणतात, की मंत्र वगैरे तिने सांगितले असतील तेवढेच म्हणावेत, कारण ती पतीच्या तोलाची नाही. तिचं अध्ययन झालेलं नाही. म्हणजे द्रव्यात वाटा कबूल, बोलण्यात नाही. नंतरच्या धर्मशास्त्रकारांनी तर द्रव्याचंही आखडतं घेतलं. कात्यायन स्मृती सांगते, की माहेरहून मिळालं ते स्त्रीधन, पण स्वतःच्या कलाकौशल्याने मिळवलेल्या पैशावर मात्र नवऱ्याची सत्ता. गंमत बघा. भेट मिळालेला दागिना तिचा आणि घाम गाळून मिळवलेला पैसा त्याचा! आज आपल्या घरांत काय चालतं? 'दागिने तुझे, पगार घराचा.' कात्यायनाचं नावही न ऐकलेली माणसं त्याचा नियम चोख पाळतात.

तर मीमांसेत दुसरी एक चर्चा आहे, विश्वजित यज्ञाची. या यज्ञात सर्वस्व द्यायचं असतं. मग प्रश्न येतो, सर्वस्व म्हणजे काय काय? बाप देता येईल का, आई देता येईल का? उत्तर, नाही. कारण दान म्हणजे आपलं स्वामित्व सोडून दुसऱ्याचं निर्माण करणं, आणि आईबापांवर आपलं स्वामित्व नसतंच. राजालासुद्धा पृथ्वी देता येत नाही. तो तिचा रक्षक आहे, मालक नाही. जे माझं नाही ते मी कितीही उदार झालो तरी देऊ शकत नाही.

आता पॉलिसीकडे परत येऊ. आयुष्याचा विमा ही वस्तू मुळात कोणाची? तिचा पैसा मिळतो तो विमा उतरवणारा गेल्यावर. त्याला स्वतःला तो कधी उपभोगायचाच नसतो. तो असतो मागे राहणाऱ्यांसाठी. अण्णांनी घातलेला कोट दिला असता, जेवणातला घास दिला असता, तर तो त्यांचा त्याग. पॉलिसी देताना त्यांनी दिली ती आनंदीबाईंची आणि मुलांची उद्याची भाकरी. तिथे त्यांचं स्वामित्व पुरं नव्हतं, असं आम्ही मीमांसेच्या आधाराने म्हणतो. आनंदीबाई नेमकं हेच म्हणत होत्या. फक्त त्यांच्याकडे जैमिनी नव्हते, म्हणून ती कुरकुर ठरली.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा आहे, त्याचं सहावं कलम. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या हितासाठी म्हणून तसं लिहून उतरवला, तर तो त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी होतो. मग नवरा तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, त्याच्या सावकारांनाही हात लावता येत नाही. अण्णांच्या काळी हे कलम हिंदूंना लागू की नाही याचाच वाद होता. १९१३ मध्ये मद्रास हायकोर्टाने लागू आहे म्हटलं, आणि १९२३ च्या दुरुस्तीने ते सर्वत्र स्पष्ट झालं. कलम आजही जिवंत आहे. विमा उतरवतानाच तसं लिहून द्यावं लागतं, नंतर नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी दिलंय? हात वर करू नका, घरी जाऊन बघा.

हे सगळं आम्हाला आता सुचतंय, त्याला कारण आहे. ते सांगितल्याशिवाय अण्णांवर बोलण्याचा आम्हाला अधिकार पोचत नाही.

आमचा प्रबंध झाला तेव्हा आम्ही तीन वर्षं बिनपगारी रजेवर होतो. त्या तीन वर्षांत घर चाललं आमच्या पत्नीच्या पगारावर. त्या हायस्कुलात गणित शिकवत. त्यांना एम.एड. करायचं होतं. ते 'पुढच्या वर्षी' म्हणून पुढे गेलं आणि मग गेलंच. नंतर आमची नोकरी दुसऱ्या गावी लागली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. पेन्शनला लागणारी वर्षं भरली नव्हती. प्रबंध आम्ही आमच्या गुरूंना अर्पण केला. तोपर्यंत ठीक, असं सगळ्याच घरांत होत होतं. पण निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आली, त्यातली एक रक्कम आम्ही एका संस्थेला देणगी दिली. संस्था चांगली, काम चांगलं. सत्कार झाला, शाल मिळाली. आमच्या पत्नीला देणगीची बातमी कळली ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याने कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "दिलेत ते बरं केलंत. मी नाही म्हटलं नसतं. विचारलं असतंत तर दिल्यासारखं मलाही वाटलं असतं."

त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे सांगू का म्हणून परवानगी घेतली आहे. रक्कम सांगू नका, एवढी अट आहे.

तेव्हा अण्णांना कमी लेखायचा इथे प्रश्नच येत नाही. एकशेचार वर्षांचं ते आयुष्य, त्यातून उभं राहिलेलं महिला विद्यापीठ, हे सगळं मोठंच आहे. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांनी सासऱ्यांवर इंग्रजीत एक लेख लिहिला आहे. दिनकर कर्व्यांनी संपादित केलेल्या 'द न्यू ब्राह्मन्स' या १९६३ च्या पुस्तकात तो आहे. मोठ्या माणसाकडे घरातून कसं बघावं, याचा तो नमुना आहे. पूजाही नाही, मूर्तिभंजनही नाही. जरूर वाचा.

आता धाकट्या बहिणीकडे. पार्वतीबाईंची कहाणी आम्हाला जास्त अवघड वाटते. अकराव्या वर्षी लग्न, विशीच्या आसपास वैधव्य, पदरात एक मुलगा. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, स्वयंपाकघराची व्यवस्था बघितली आणि मग आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला गावोगाव हिंडल्या. केशवपन केलेली बाई सभेत उभी राहून भाषण करते आहे, हे दृश्य त्या काळात काय असेल! चाळिशी उलटल्यावर त्यांनी केशवपन बंद केलं, विधवेचा वेश टाकला. आणि १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी नीट येत नसताना, एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी पैसा उभा करायचा. तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं, भांडी घासली. दोन वर्षांनी परत आल्या. देवरुख ते न्यूयॉर्क. आज देवरुखहून मुलीला पुण्याला नोकरीला पाठवायचं तर घरात चार दिवस खल होतो.

आणि या बाई पुस्तकात मत काय मांडतात? स्त्रीचं खरं क्षेत्र घर. तिने चांगली पत्नी, चांगली माता व्हावं. शिक्षणही त्याच दृष्टीने असावं. वाचताना आपण चक्रावतो. स्वतः जगलेलं आयुष्य एक सांगतंय आणि त्याच हाताने लिहिलेली मतं दुसरंच.

यावर दोन सोपी उत्तरं दिली जातात. एक, काळाचा प्रभाव. दुसरं, वर्गणीदारांना दुखवायचं नव्हतं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्हींनी आमचं समाधान होत नाही. काळाचाच प्रभाव म्हणाल, तर थोरली बहीण त्याच काळातली, त्याच घरातली. ती असं बोलत नाही. आम्हाला दिसतं ते असं : पार्वतीबाईंनी आयुष्यभर पैसा गोळा केला, पण स्वतःसाठी नाही. जमवलं ते सगळं आश्रमाचं. त्यांचं फिरणं, बोलणं, समुद्र ओलांडणं हे सगळं समाजाने सहन केलं, पुढे गौरवलंही, कारण त्यामागे 'मला हवंय' हे वाक्य नव्हतं. त्यागाची शाल पांघरली की बाईला कुठेही जाता येतं. आणि ती शाल कायम पांघरलेली ठेवायची तर इतर बायकांच्या 'मला हवंय'ला नाही म्हणावंच लागतं. आमच्या समजुतीने त्यांच्या मतांचं मूळ इथे आहे. त्या ढोंगी मुळीच नव्हत्या. आपल्या मोकळेपणाची किंमत त्या त्या मतांनी चुकवत होत्या.

आनंदीबाईंनी ती शाल घेतली नाही. मला हवंय, माझ्या मुलांना हवंय, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. म्हणून एक बहीण तेजस्वी ठरली आणि दुसरी संसारी. पुस्तक म्हणून बघाल तर 'माझी कहाणी' जास्त बांधीव आहे, प्रवासाचा भाग तर आजही एका बैठकीत वाचून होतो. पण मतप्रदर्शन आलं की व्याख्यानाचा सूर लागतो. 'माझे पुराण' विस्कळीत आहे, मागचं पुढे होतं, माणसं ओळख न देता येतात-जातात. तरी एखादी वयस्कर बाई ओसरीवर बसून न घाबरता बोलते आहे, हे सुख त्यातच आहे.

१९२८ हे वर्ष मघाशी आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हर्जिनिया वुल्फ केंब्रिजला मुलींच्या कॉलेजांत दोन व्याख्यानं देत होत्या. त्यांचंच पुढच्या वर्षी 'अ रूम ऑफ वन्स ओन' झालं. लिहिणाऱ्या बाईला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे त्यांचं म्हणणं आपण सगळे जाणतो. त्या पुस्तकातल्या निवेदिकेला ते पाचशे पौंड मिळतात एका आत्याकडून, आणि ती आत्या वारलेली असते मुंबईत, घोड्यावरून पडून. मुंबईत हिंडणाऱ्या त्या गोऱ्या आत्याचा पैसा कुठून आला असेल, हा प्रश्न वुल्फबाईंनी विचारलेला नाही. असो. पण मताच्या हक्कापेक्षा तो पैसा आपल्याला मोठा वाटला असं ती निवेदिका म्हणते, ते आनंदीबाईंना पटलं असतं. वारशाने आलेल्या पैशाला कोणी 'घराचा' म्हणत नाही. पगाराला म्हणतात.

कर्व्यांच्या घरात पुढच्या पिढीत काय झालं? थोरले रघुनाथराव. संततिनियमनाचं काम, 'समाजस्वास्थ्य' मासिक, खटले, नोकरी गेलेली. १९२७ ते १९५३ ते मासिक चाललं. त्या घराला आधार होता तो पत्नी मालतीबाईंच्या शिक्षिकेच्या पगाराचा. वडिलांच्या कार्यात आईची पॉलिसी गेली, मुलाच्या कार्यात बायकोचा पगार. फरक असा, की रघुनाथराव ते कार्य मालतीबाईंना विचारून, दोघांचं म्हणून करत होते असं दिसतं. मालतीबाईंनी स्वतः काही लिहून ठेवलं असतं तर आणखी कळलं असतं.

आपल्या रत्नागिरीचं थोडं बोलून आवरतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेंहून जास्त स्त्रिया निघाल्या, राज्यात सर्वांत जास्त. मुलींची फार कदर होते म्हणून हा आकडा आला, असं कोणी समजू नये; पुरुष मुंबईला आहेत म्हणून आला. गिरण्यांच्या काळापासून हेच. शेती, गुरं, म्हातारी माणसं, मुलांच्या शाळा, सगळं बाईने बघायचं आणि महिन्याला मनीऑर्डर यायची. आमच्या वाडीत ती बहुधा सासऱ्याच्या नावावर यायची. पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजायचा आणि घर चालवणारी बाई माजघराच्या दारात उभी राहून ऐकायची. घर चालवायची जबाबदारी पुरी तिची, सहीचा अधिकार दुसऱ्याचा.

आता मनीऑर्डर गेली, बँक आली. बचतगट आले, मुली परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या, आंब्या-काजूच्या कारखान्यांत गेल्या, स्वतःच्या नावाचं खातं झालं. चांगलंच झालं. पण आमची एक जुनी विद्यार्थिनी, बऱ्यापैकी पगार असलेली, मध्यंतरी भेटली. म्हणाली, "सर, एटीएम कार्ड यांच्याकडे असतं. मला वेळ नसतो ना." घर, नोकरी, मुलांचे क्लास, सगळं ती व्यवस्थित सांभाळते. कसरतीत कुठे तोल गेलेला नाही. मैत्रिणीच्या आजारपणात दोन हजार द्यायचे होते, तेव्हा मात्र चार दिवस कारण शोधत होती.

द्यायचं की नाही हे ठरवता येणं आणि दुसरा देत असेल तर 'थांबा, आधी मला विचारा' म्हणता येणं, या दोन गोष्टी नसतील तर त्या पगाराला आम्ही आर्थिक स्वातंत्र्य म्हणणार नाही. तिचा पगार मोठा आहे की लहान, हा प्रश्न त्यानंतरचा.

शेवटची एक नोंद, पुस्तकाच्या अभ्यासकांसाठी. 'माझे पुराण' आलं तेव्हा आनंदीबाई ऐंशीच्या घरात होत्या; अण्णांचं 'आत्मवृत्त' येऊन एकोणतीस वर्षं झाली होती. पुस्तकाचं संपादन केलं सूनबाई कावेरी कर्वे यांनी. सासूचं बोलणं कागदावर टिकलं ते सुनेच्या हातून. त्या हाताबद्दल कोणीतरी तरुण अभ्यासकाने लिहावं, असं बरेच दिवस मनात आहे.

वेळ संपत आली, प्रश्न घेऊ. सहाव्या कलमाखाली विम्याचा अर्ज कसा भरायचा, हे मात्र आम्हाला विचारू नका. ते पहिल्या रांगेत विचारा. हिशेब तिकडे पक्का आहे.